घरगुती जुळणीचा नेटवर्क साठवण व माध्यम सर्व्हर : हार्डवेअर निवडीचे निकष (सेमाडोहच्या विशेष संदर्भात)

सारांश

डिजिटल ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे, चित्रफिती व अध्ययनसाहित्य एका ठिकाणी साठवून ते घरातील किंवा शाळेतील अनेकांना एकाच वेळी उपलब्ध करून देणारा लहान सर्व्हर आज सामान्य शिक्षकालाही जुळविता येतो. अशा सर्व्हरसाठी हार्डवेअर निवडताना बाजारात प्रथम प्रोसेसरचा विचार केला जातो. मेळघाटातील सेमाडोहसारख्या ठिकाणी मात्र वीज, हार्ड डिस्क, दुसरी प्रत, नेटवर्क आणि शेवटी प्रोसेसर असा क्रम अधिक उचित ठरतो. या क्रमामागील कारणांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : नेटवर्क साठवण, माध्यम सर्व्हर, हार्ड डिस्क, रेड, बॅकअप, मेळघाट, कोरकू.

१. प्रस्तावना

सेमाडोह हे अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यातील, सिपना नदीच्या काठी वसलेले गाव. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येते. १९७३-७४ मध्ये देशात स्थापन झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी मेळघाट हा एक होय. वन्यजीव, वनस्पती, आदिवासी जीवन आणि भाषा अशा अनेक विषयांच्या अभ्यासकांना हा परिसर सातत्याने आकर्षित करीत आला आहे.

या परिसरातील कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई भाषाकुलाच्या मुंडा शाखेतील भाषा. मराठी व हिंदी या इंडो-आर्य भाषांनी आणि गोंडी या द्राविडी भाषेने वेढलेली असूनही तिने आपले वेगळेपण टिकविले आहे. २०११ च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या सुमारे ७ लाख २७ हजार होती. तथापि युनेस्कोच्या संकटग्रस्त भाषांच्या नकाशासंग्रहात कोरकूची गणना असुरक्षित भाषांमध्ये झालेली आहे. या भाषेतील गाणी, कथा व विधींचे मंत्र प्रामुख्याने मौखिक परंपरेने चालत आले आहेत. म्हणून एखाद्या वृद्धेने गायिलेल्या होळीच्या गाण्याचे मुद्रण हा पुष्कळदा त्या गाण्याचा एकमेव लेख असतो. असे मुद्रण आज बहुधा कोणाच्या तरी मोबाइलमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये किंवा कपाटात ठेवलेल्या एकुलत्या एका हार्ड डिस्कमध्ये असते. ती वस्तू बिघडली की गाणेही जाते आणि गायिका हयात नसेल तर ते पुन्हा मिळविता येत नाही.

दुसरे उदाहरण वन्यजीव अभ्यासाचे. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावण्यात आले आणि त्यांतून ३,४८,५८,६२३ छायाचित्रे जमा झाली. त्यांपैकी वाघांची छायाचित्रे ७६,६५१ होती. एवढ्या मोठ्या साठ्याची व्यवस्था शासकीय व संशोधन संस्था करतात. परंतु परवानगी घेऊन लहान प्रमाणावर काम करणाऱ्या महाविद्यालयीन अभ्यासगटासमोरही हाच प्रश्न छोट्या रूपात उभा राहतो.

‘हे सर्व इंटरनेटवर का ठेवू नये?’ असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. याच रस्त्यावरील धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून पुढे आले, आणि दुर्गम भागातही जोडणी पोहोचविता येते हे त्यातून दिसले. परंतु जोडणी असणे आणि शेकडो गीगाबाइट माहिती वर चढविता येणे यांत अंतर आहे. सेकंदाला १० मेगाबिट या अखंड वेगाने १ टेराबाइट माहिती पाठविण्यास सव्वानऊ दिवस लागतात. त्यामुळे मूळ साठा स्थानिक पातळीवर ठेवणे ही अशा ठिकाणची व्यावहारिक गरज ठरते.

२. संकल्पनेचे स्पष्टीकरण

नेटवर्क साठवण म्हणजे एका संगणकाला जोडलेल्या हार्ड डिस्क राउटरच्या माध्यमातून इतर संगणकांना व मोबाइलना वापरावयास देणे. माध्यम सर्व्हर हा त्याच साठ्यावर चालणारा कार्यक्रम असून तो ध्वनिमुद्रणे व चित्रफिती यांची सूची दाखवितो आणि मागणीनुसार त्या दुसऱ्या यंत्रावर वाजवितो. या दोन्ही कामांसाठी मोफत व मुक्त प्रणाली उपलब्ध आहेत. २००५ मध्ये सुरू झालेली फ्रीनॅस ही प्रणाली २०२० पासून ट्रूनॅस या नावाने ओळखली जाऊ लागली. ओपनमीडियाव्हॉल्ट ही तुलनेने हलकी प्रणाली आहे, तर २०१८ च्या अखेरीस वेगळी झालेली जेलीफिन ही प्रणाली माध्यम सर्व्हरचे काम करते. किविक्ससारख्या प्रणालीमुळे मराठी विकिपीडियाची प्रत इंटरनेटशिवायही वाचता येते.

थोडक्यात, आज्ञावलीचा खर्च जवळपास शून्य आहे. खर्च आणि चुकीची शक्यता दोन्ही हार्डवेअरमध्येच आहेत. त्यामुळे निवडीचा विचार तेथे केंद्रित होणे आवश्यक आहे.

३. गरजेचे मोजमाप

कोणतीही वस्तू खरेदी करण्यापूर्वी गरज मोजावी. उदाहरणादाखल सेमाडोह येथे राहणारा एक शिक्षक कल्पावा. तो वर्षभरात १०० तासांची ध्वनिमुद्रणे, १०० तासांच्या चित्रफिती व ५०,००० छायाचित्रे जमा करतो असे मानू.

ध्वनी-अभिलेखांच्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार जतनासाठीचे मुद्रण किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट असावे. या प्रमाणाने दोन वाहिन्यांच्या एका तासाच्या असंकुचित मुद्रणास सुमारे १.०४ गीगाबाइट जागा लागते, म्हणजे १०० तासांना १०४ गीगाबाइट. सेकंदाला ८ मेगाबिट या दराने एका तासाची चित्रफीत ३.६ गीगाबाइट होते, १०० तासांच्या ३६० गीगाबाइट. प्रत्येकी ३ मेगाबाइटची ५०,००० छायाचित्रे १५० गीगाबाइट होतात. एकूण बेरीज ६१४ गीगाबाइट, आणि पाच वर्षांची गरज सुमारे ३.०७ टेराबाइट.

डिस्क ८० टक्क्यांपेक्षा अधिक भरू नये हा सावधगिरीचा नियम पाळल्यास ४ टेराबाइटच्या डिस्कमध्ये ३.२ टेराबाइट माहिती सोयीने मावते. म्हणजे अशा शिक्षकास ४ टेराबाइटची क्षमता पाच वर्षे पुरेशी आहे. हे गणित न करता खरेदी केल्यास सामान्यतः एक मोठी डिस्क घेतली जाते आणि दुसऱ्या प्रतीसाठी पैसे उरत नाहीत. ४ टेराबाइटच्या तीन डिस्क या १२ टेराबाइटच्या एका डिस्कपेक्षा अधिक सुरक्षित असतात, हे या ठिकाणी लक्षात घ्यावे.

४. पहिला निकष : वीज

सर्व्हर दिवसाचे चोवीस तास चालू असतो. म्हणून त्याचे वॅट हे त्याच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहेत. घरातील जुना मोठा डेस्कटॉप संगणक सर्व्हर म्हणून वापरल्यास तो खरेदीत स्वस्त पडतो. परंतु तो सरासरी ८० वॅट घेत असेल तर वर्षाला सुमारे ७०० युनिट वीज लागते. कमी विजेच्या प्रोसेसरचा लहान संगणक दोन हार्ड डिस्कसह सुमारे २० वॅटमध्ये चालू शकतो, त्याला वर्षाला १७५ युनिट पुरतात.

ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाची दीर्घ वर्षे अनुभवली आहेत. त्यातूनच घरोघरी इन्व्हर्टर आले. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटरीत कागदोपत्री १८०० वॅट-तास असतात. बॅटरीचे आयुष्य राखण्यासाठी त्यांपैकी निम्मेच वापरावेत आणि रूपांतरातील घट २० टक्के धरावी असे मानल्यास प्रत्यक्ष ७२० वॅट-तास हाती येतात. घरातील पंखा व दिवे मिळून ६० वॅट धरले, तर २० वॅटच्या सर्व्हरसह ही बॅटरी ९ तास पुरते आणि ८० वॅटच्या सर्व्हरसह अवघी ५ तास. पावसाळ्याच्या रात्री झाड पडून तार तुटली तर दुरुस्तीस जो वेळ लागतो, त्या संदर्भात या चार तासांना अर्थ आहे.

वीज जाणे हे संकट खरे, पण लिहिण्याचे काम चालू असताना ती अचानक जाणे हे त्याहून मोठे संकट होय. अर्धवट लिहिलेली नोंद संपूर्ण फाइलव्यवस्था बिघडवू शकते. यासाठी पुढील बाबी आवश्यक आहेत.

(अ) सर्व्हर व राउटर दोन्ही यूपीएसवर असावेत. यूपीएस शक्यतो यूएसबी तारेने सर्व्हरला बोलू शकणारा असावा, म्हणजे बॅटरी उतरत आल्यावर सर्व्हर स्वतःहून व्यवस्थित बंद होतो.

(आ) वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय मूळ मांडणीत चालू करावी. मालक गावाला गेला असताना या सोयीचे मोल कळते.

(इ) बाह्य अडॅप्टरवर चालणारा संगणक निवडणे हितावह ठरते. असे अडॅप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब स्वीकारतात आणि जळाल्यास परतवाडा किंवा अमरावतीच्या बाजारात पर्यायी अडॅप्टर मिळू शकतो. मात्र ३.५ इंची हार्ड डिस्क फिरण्यास प्रारंभ करताना काही क्षण सुमारे २० ते २५ वॅट घेते. दोन डिस्क एकाच वेळी सुरू होणार असतील तर अडॅप्टर सरासरी २० वॅटच्या हिशेबाने न घेता ९० वॅटच्या आसपासचा घ्यावा.

(ई) विजेच्या कडकडाटापासून संरक्षण देणारी पट्टी अर्थिंग योग्य असेल तरच काम करते. म्हणून सर्व्हरपूर्वी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. दोन इमारतींमध्ये तांब्याची नेटवर्क तार उघड्यावरून नेणे टाळावे, तेथे प्रकाशतंतू किंवा बिनतारी जोडणी अधिक सुरक्षित असते.

५. दुसरा निकष : हार्ड डिस्क

संपूर्ण यंत्रात अपरिवर्तनीय असे काही असेल तर ती डिस्कवरील माहिती होय. बाकी प्रत्येक भाग बदलता येतो. त्यामुळे अंदाजपत्रकाचा निम्म्याहून अधिक भाग डिस्कवर व दुसऱ्या प्रतीवर खर्च होणे योग्य आहे.

डिस्क निवडताना तिच्या लेखनपद्धतीकडे लक्ष द्यावे. पारंपरिक पद्धतीत, म्हणजे सीएमआरमध्ये, चुंबकीय रेषा एकमेकींपासून अलग असतात. एसएमआर पद्धतीत त्या कौलांप्रमाणे एकमेकींवर किंचित चढविलेल्या असतात. एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसेच येथे एक नोंद बदलण्यासाठी शेजारच्या रेषा पुन्हा लिहाव्या लागतात. दीर्घ लेखनाच्या वेळी, विशेषतः बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसविताना, अशी डिस्क अतिशय मंद होते. काही उत्पादनांत ही पद्धत वापरली असूनही ग्राहकांना सांगितली गेली नव्हती, हे २०२० मध्ये उघड झाले. त्यानंतर उत्पादकांनी याद्या प्रसिद्ध केल्या. खरेदीपूर्वी प्रतिकृती-क्रमांक त्या यादीशी ताडून पाहावा. लॅपटॉपच्या आकाराच्या २.५ इंची डिस्क कमी वीज घेतात, परंतु मोठ्या क्षमतेच्या अशा डिस्क बहुतांशी एसएमआर पद्धतीच्याच असतात.

एसएसडीला फिरणारे भाग नसतात व ती वीजही कमी घेते. प्रणाली तिच्यावर ठेवणे योग्यच. परंतु दीर्घकालीन जतनासाठी ती कपाटात ठेवून देणे योग्य नाही. ग्राहकोपयोगी एसएसडीच्या उद्योगमानकात लेखनक्षमता संपल्यानंतर विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकण्याची अपेक्षा आहे आणि तापमान वाढल्यास हा काळ घटतो.

तापमानाचा प्रश्न वऱ्हाडात विशेष गंभीर आहे. अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. डिस्कचे तापमान आसपासच्या हवेपेक्षा साधारणतः १० अंशांनी अधिक असते, तर बहुतेक डिस्कची कार्यमर्यादा ६० अंशांच्या आसपास दिलेली असते. म्हणजे बंद कपाटात ठेवलेला सर्व्हर उन्हाळ्यात मर्यादेच्या अगदी जवळ जातो. गुगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तापमान व बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा क्षीण आढळला आणि अतिउच्च तापमानातच बिघाड किंचित वाढताना दिसला. पण तो अभ्यास नियंत्रित हवेच्या केंद्रांतील होता, टिनपत्र्याच्या छपराखालचा नव्हता. म्हणून मोठ्या व्यासाचा, मंद फिरणारा एक पंखा थेट डिस्कसमोर बसवावा आणि यंत्र जमिनीलगत, सावलीच्या भिंतीशी ठेवावे. पावसाळ्यात दमटपणामुळे बंद पडून असलेल्या यंत्रावर बुरशी धरते, सतत चालू यंत्राच्या उबेने हा धोका काही अंशी कमी होतो. धूळ अडविण्यासाठी जाळी लावावी व ती महिन्यातून एकदा झटकावी.

याच अभ्यासातील आणखी दोन निष्कर्ष उपयुक्त आहेत. पृष्ठभाग-तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. म्हणून पहिली चूक दिसताच डिस्क बदलावी, दुसरीची वाट पाहू नये. तसेच बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार प्रमुख सूचकांपैकी एकातही आधी इशारा दिलेला नव्हता. इशारा नसणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे, असा याचा अर्थ होतो.

६. जोड-डिस्क आणि स्मृती

पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या बर्कली येथील संशोधकांनी १९८८ मध्ये रेड ही संकल्पना मांडली. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून त्यांपैकी एखादी बिघडली तरी काम चालू ठेवावे, हे तिचे सार. घरगुती सर्व्हरसाठी तिचे दोन प्रकार विचारात घेतले जातात. पहिल्यात दोन डिस्कवर तंतोतंत सारखी माहिती लिहिली जाते, याला आरसा-पद्धत म्हणता येईल. दुसऱ्यात तीन किंवा अधिक डिस्कवर माहिती व तिचे पडताळणी-गणित विभागून ठेवले जाते. दुसरा प्रकार जागेची बचत करतो. परंतु एक डिस्क गेल्यावर उरलेल्या सर्व डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. सामान्य डिस्कच्या माहितीपत्रकात १०० लाख कोटी बिटांमागे एक न वाचता येणारा बिट अशी मर्यादा दिलेली असते, म्हणजे साधारण १२.५ टेराबाइट वाचनात एक चूक. प्रत्यक्षात कामगिरी याहून चांगली असू शकते. तथापि वाचन जितके अधिक तितका धोका अधिक. दोन डिस्कचा आरसा समजण्यास सोपा असून त्यातील कोणतीही एक डिस्क काढून त्याच प्रणालीच्या दुसऱ्या संगणकावर वाचता येते. जाणकार तंत्रज्ञ शंभर किलोमीटर दूर असेल तेथे हा सोपेपणा हाही एक निकष ठरतो.

साध्या आरशाची एक उणीव आहे. दोन प्रती एकमेकींशी जुळल्या नाहीत तर खरी कोणती, हे त्याला कळत नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस ही फाइलव्यवस्था प्रत्येक खंडासोबत त्याचे पडताळणी-गणित ठेवते. त्यामुळे बिघडलेली प्रत ओळखून ती चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करता येते. जतनाच्या कामासाठी हा गुण मोलाचा आहे.

येथेच चूक-दुरुस्त करणाऱ्या, म्हणजे ईसीसी स्मृतीचा प्रश्न येतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक स्मृतिपट्ट्यांत चुका आढळल्या होत्या. ईसीसी स्मृती असणे निश्चितच चांगले. परंतु कमी विजेच्या स्वस्त प्रोसेसरांना ती सहसा चालत नाही आणि ती चालणारी यंत्रे महाग व अधिक वीज घेणारी असतात. मर्यादित निधीत ईसीसी की तिसरी डिस्क असा पर्याय असेल तर तिसरी डिस्क निवडावी. कारण स्मृतीतील चूक ही शक्यता आहे, तर डिस्क कधीतरी बिघडणे ही निश्चिती आहे. साधी स्मृती घेतल्यास सुरुवातीला रात्रभर तिची चाचणी घ्यावी. ८ गीगाबाइट ही ट्रूनॅसची किमान अपेक्षा असून १६ गीगाबाइट पुरेशी होते.

७. नेटवर्क आणि प्रोसेसर

सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या जुन्या जोडणीवर ५०० गीगाबाइट उतरविण्यास ११ तास लागतात, गीगाबिट जोडणीवर सुमारे सव्वा तास. म्हणून सर्व्हर व राउटर यांच्यामध्ये तार असावी आणि दोन्हीकडे गीगाबिट क्षमता असावी. त्याहून वेगवान जोडणी या कामासाठी अनावश्यक आहे, कारण सामान्य डिस्कचा स्वतःचा वेगच जवळपास तेवढा असतो. दहा विद्यार्थी एकाच वेळी ८ मेगाबिटची चित्रफीत पाहत असतील तरी एकूण गरज ८० मेगाबिटचीच असते. अडथळा आलाच तर तो वायफायमध्ये येतो. म्हणून बचत राउटरवर करू नये.

प्रोसेसरचा खरा कस चित्रफितीच्या तात्काळ रूपांतरात लागतो. पाहणाऱ्याच्या मोबाइलला मूळ स्वरूप चालत नसेल तर सर्व्हरला ते चालू असतानाच बदलावे लागते. २०११ पासून अनेक इंटेल प्रोसेसरांत यासाठी क्विक सिंक हा स्वतंत्र विभाग असतो व तो कमी विजेत हे काम करतो. २०२३ मध्ये आलेला एन-१०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर या वर्गातला. त्याहून चांगला उपाय म्हणजे रूपांतराची गरजच न ठेवणे. २००३ मध्ये प्रमाणित झालेले एच.२६४ हे स्वरूप जवळपास प्रत्येक जुन्या-नव्या मोबाइलवर चालते. मूळ मुद्रण जतनासाठी वेगळे ठेवून पाहण्याची प्रत रात्री सावकाश याच स्वरूपात तयार केली तर साधा प्रोसेसरही पुरतो.

रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या जोडाएवढा संगणक अत्यल्प विजेमुळे मोह घालतो. २०१९ पूर्वीच्या त्याच्या मूळ मालिकेतील प्रतिकृतींमध्ये नेटवर्क व यूएसबी एकाच मंद मार्गावर होते. नंतर हा दोष दूर झाला. तथापि यूएसबीने जोडलेल्या डिस्क तार किंचित हलली तरी तुटतात, ही अडचण उरतेच. पाहण्याच्या प्रतींसाठी तो योग्य आहे, परंतु मूळ साठ्यासाठी डिस्क थेट साटा जोडणीने बसविता येणारे यंत्र निवडावे.

८. दुसरी प्रत : निवडीचा अविभाज्य भाग

आरसा-पद्धत ही बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते, वीज कोसळल्यास दोन्ही डिस्क एकत्र जातात आणि चोर यंत्रासकट दोन्ही नेतो. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला नियम असा की, माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत अन्य ठिकाणी असावी.

सेमाडोहच्या बाबतीत ‘अन्य ठिकाण’ म्हणजे अमरावतीतील एखादे महाविद्यालय होऊ शकते. तिसरी डिस्क जाड फोमच्या डब्यात घालून एस.टी.ने नेल्यास ३ टेराबाइट माहिती एका दिवसात अमरावतीस पोहोचते. वर उल्लेखिलेल्या १० मेगाबिटच्या जोडणीने तिला जवळपास चार आठवडे लागले असते. महिन्यातून एकदा नवी प्रत नेऊन जुनी परत आणावी, यासाठी अशा दोन डिस्क फिरत्या ठेवणे अधिक चांगले. वर्षातून एकदा या प्रतीवरून काही फाइली प्रत्यक्ष परत उघडून पाहाव्यात. परत मिळविण्याची चाचणी झालेली नसेल तर ती प्रत आहे असे मानता येत नाही.

येथे एक नैतिक बाजूही आहे. वन्यजीवांच्या छायाचित्रांत स्थळाची नोंद दडलेली असते व ती शिकाऱ्याच्या हाती लागू शकते. विधींची मुद्रणे सर्वांनी ऐकावीत अशी संबंधितांची इच्छा असेलच असे नाही. म्हणून फिरत्या डिस्कवर सांकेतिक कुलूप असावे, सर्व्हरवर खुले व राखीव असे दोन विभाग असावेत आणि प्रत्येक मुद्रणासोबत गायकाचे नाव, गाव, दिनांक व संमती यांची साधी लेखी नोंद ठेवावी.

९. प्रस्तावित जुळणी

उपरोक्त विवेचनावरून कल्पिलेल्या शिक्षकासाठी पुढील जुळणी सुचविता येते : दोन साटा जोडण्या असलेला कमी विजेचा लहान संगणक, १६ गीगाबाइट स्मृती, प्रणालीसाठी एक छोटी एसएसडी, ४ टेराबाइटच्या दोन सीएमआर डिस्कचा आरसा, त्याच क्षमतेच्या दोन फिरत्या बाह्य डिस्क, एक मोठा मंद पंखा, ९० वॅटचा अडॅप्टर व एक राखीव अडॅप्टर, संगणकाशी बोलणारा यूपीएस आणि गीगाबिट राउटर. आरशातील दोन डिस्क शक्यतो वेगवेगळ्या दुकानांतून घ्याव्यात, म्हणजे एकाच खेपेतील समान दोष दोहोंत येण्याची शक्यता कमी होते. वापरापूर्वी प्रत्येक डिस्कचे संपूर्ण वाचन करून पाहावे, ४ टेराबाइटला त्यासाठी सात-आठ तास लागतात. निधी अपुरा असेल तर प्रथम संगणक जुना घ्यावा, नंतर आरशातील दुसरी डिस्क पुढे ढकलावी. बाहेरगावची प्रत मात्र कोणत्याही परिस्थितीत वगळू नये.

१०. समारोप

साठवणे आणि जतन करणे या दोन भिन्न क्रिया होत. पहिली एका दिवसात होते, दुसरी वर्षानुवर्षे करावी लागते. हार्डवेअरची निवड दुसऱ्या क्रियेला अनुकूल असेल तरच ती योग्य म्हणता येईल. सेमाडोहसारख्या ठिकाणी वेगवान यंत्रापेक्षा कमी वीज घेणारे, थंड राहणारे, जवळच्या बाजारात दुरुस्त होणारे आणि ज्याची दुसरी प्रत दूर सुरक्षित आहे असे यंत्र श्रेष्ठ ठरते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील भाषा, समाजशास्त्र, प्राणिशास्त्र व संगणकशास्त्र विभागांनी परस्परसहकार्याने अशा फिरत्या प्रतींची जबाबदारी स्वीकारल्यास फारसा खर्च न करता मेळघाटातील मौखिक ठेव्यास आधार मिळू शकेल. डिस्क पाच-सात वर्षांनी बदलावीच लागते. तीवरील आवाज मात्र दर वेळी नव्या डिस्कवर पुढे नेता येतो, आणि तो पुढे नेणारी माणसे व त्यांची शिस्त ही या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची सामग्री होय.